पहिल्या तिमाहीतली डोकेदुखी आणि अंधुक दिसणं

दिवस गेल्यावर डोकं दुखलं की आधी पाणी, झोप आणि चहा तपासा. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होतं, पोट रिकामं राहतं. त्यात चहाचा वास नकोसा झाल्याने तो एकदम सुटला, तर दोन-तीन दिवस डोकं ठणकतंच. थोडं थोडं ओआरएस आणि दर दोन-तीन तासांनी काहीतरी खाणं, एवढ्यावर बऱ्याचदा भागतं.

गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम. पाकीट उलटून घटक वाचाच. घरातल्या ‘डोकेदुखीच्या’ गोळीत बरेचदा आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेलं असतं. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अर्धशिशीची अर्गोटामिनवाली जुनी गोळी तर नकोच.

अंगात पाणी साठून डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) किंचित जाड होतो, अश्रूही कमी होतात. म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स टोचते, नंबर हलल्यासारखा वाटतो. नवा चष्मा करायची घाई नको. बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी नंबर बहुधा पूर्ववत होतो. मधुमेह आधीपासून असेल तर मात्र डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी याच तिमाहीत करून घ्या.

नागमोडी चमकत्या रेषा दिसून तासाभरात गेल्या, तर बहुधा अर्धशिशी. पण पहिल्यांदाच दिसल्या तर डॉक्टरांना दाखवा. अचानक असह्य दुखणं, एकाचं दोन दिसणं, वाकल्यावर क्षणभर अंधारी, हातापायात बधिरपणा, झटका (फिट) येणं, ताप आणि मान आखडणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मेंदूतल्या शिरेत गुठळी झाल्याचंही ते लक्षण असू शकतं. बीपी १४०/९० किंवा वर असेल तरी थांबू नका.