शाल, श्रीफळ आणि पीपीओ

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी कल्याण संघटक आहे. त्याआधी फौजेत क्लार्क होतो, त्यामुळे बंदुकीपेक्षा कागद जास्त हाताळलेला माणूस. जुलै आणि डिसेंबर हे आमचे सत्काराचे महिने. 26 जुलैला कारगिल विजय दिवस, 7 डिसेंबरला ध्वजदिन, लगेच 16 तारखेला 1971 चा विजय दिवस. कुठल्या तरी संस्थेचा फोन येतो : ‘साहेब, दहा-बारा माजी सैनिक पाठवा, शक्यतो कारगिलवाले.’

असाच एक कार्यक्रम एका सभागृहात होता. सुरुवात चांगली झाली. कारगिलमध्ये कामी आलेल्या 527 जणांसाठी मौन पाळलं, तेव्हा मागच्या रांगेतले गुडघेदुखीवालेसुद्धा सावधानमध्ये उभे होते. पुढे भाषणं सुरू झाली आणि फौजी लोक घड्याळं बघायला लागले.

माझ्या शेजारी एक रिटायर नायक बसले होते. कारगिलच्या वेळी ऐन विशीतले. आपल्याकडे जवान चाळिशीच्या आत-बाहेरच घरी येतो, मुलं शाळेत असतात, मग दुसरी नोकरी आलीच. हे एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत. ते हळूच म्हणाले, “साहेब, उद्या ऑफिसात आहात का? सुट्टी मिळाली तर येतो.”

“आत्ताच सांगा की.”

पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या कागदावर, बायकोचं नाव माहेरचं. आधार कार्डावर लग्नात ठेवलेलं. लग्नानंतर युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर (घरच्या माणसांची सरकारी नोंद) निघाली ती माहेरच्या नावाने, आणि पुढे कुणी बघितलंच नाही. बघायचं कारणही नसतं, कारण पेन्शन त्यांच्या नावाने दर महिन्याला जमा होते. अडतं ते माणूस गेल्यावर. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी बाई उभी राहते, तेव्हा कागदावरची बायको आणि समोरची बाई एकच आहे हे तिला एकटीला सिद्ध करावं लागतं. अशा बायका मी बघितल्यात. सैनिक हयात असतो तेव्हा हे काम एका अर्जाचं असतं. डिस्चार्ज बुक, पीपीओची प्रत, दोघांचं आधार, जॉइंट फोटो, अ‍ॅफिडेव्हिट हे सगळं रेकॉर्ड ऑफिसला गेलं की नवी पार्ट टू ऑर्डर आणि मग दुरुस्त पीपीओ.

पुढच्या खुर्चीवरचे सुभेदार साहेब मागे वळले. “आमच्या मंडळींची जन्मतारीखच नाही लागलेली.” तिसऱ्याचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड अडकलेलं. चौथ्याच्या बोटांचे ठसे शेती करून झिजलेले, हयातीच्या दाखल्याला मशीन घेत नाही. त्याला मोबाइलवर चेहऱ्याने होतं हे माहीतच नव्हतं. आम्ही सगळे उठून बाहेर व्हरांड्यात गेलो. माइकवरून नायकांचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. ते म्हणाले, “जाऊ दे, आधी लिहून घ्या.” त्यांची शाल कुणीतरी आणून दिली.

एवढ्यावरून सत्कार म्हणजे निव्वळ देखावा असं म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि फौजेतून आलेल्या माझ्यासारख्यांना ते म्हणायला आवडतंही. पण ती चार माणसं एका जागी आली होती ती त्या कार्यक्रमामुळेच. एरवी ऑफिसात येण्यासाठी कुणाची पाळी बुडते, कुणाची एसटी चुकते. आणि अडचण एकट्याने सांगायला फौजी माणूस लाजतो. शेजारच्याने सांगितली की मग त्याचं तोंड उघडतं. ध्वजदिनाचंही तसंच. 1949 पासून चालू आहे, निधी गोळा करायच्या उद्दिष्टाच्या आकड्यावरून सरकारी खात्यांत कुरकुरही होते, पण त्या निधीतून गरजू माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाला, मुलींच्या लग्नाला मदत जाते. छातीवर लावलेल्या छोट्या झेंड्यामागे निदान पैसा तरी असतो.

नायकांचा दुरुस्त पीपीओ यायला बरेच महिने लागले. दोघं नवरा-बायको ऑफिसात आले तेव्हा मी सहज विचारलं, त्या शालीचं काय केलंत? ते हसले. “मला काय साहेब, कपाटात अशा बऱ्याच आहेत.” वहिनी मात्र मध्येच बोलल्या : “त्यांचं ठीक आहे. सासू-सासरे, पोरं, शेती मी एकटीने काढली. हे पोस्टिंगवर. मला कधी कुणी खुर्चीवरसुद्धा बसवलं नाही.”

पुढच्या वर्षी त्याच संस्थेचा फोन आला, तेव्हा मी दोन अटी घातल्या. प्रत्येकाला जोडीने बोलवायचं, आणि हॉलमध्ये आमच्या ऑफिससाठी एक टेबल व दोन खुर्च्या ठेवायच्या. निमंत्रणातच लिहा म्हटलं, पीपीओ आणि आधार सोबत आणा. पलीकडचे गृहस्थ जरा घुटमळले. निमंत्रण पत्रिकेवर ते बरं दिसणार नाही म्हणाले. शेवटी वेगळा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवायचं ठरलं. टेबल मिळालं, पण बुकेच्या टेबलाला जागा हवी म्हणून आमचं बाहेर पार्किंगकडे लावलं होतं. आम्हाला ते सोयीचंच पडलं, तिथे भाषण ऐकू येत नव्हतं.