सहा ते साडेसात

आमच्या घरात माणसं सात, न्हाणीघरं दोन. सासरे पाचलाच आंघोळ उरकून पेपरची वाट बघत बसतात. सासूबाईंना घाई नसते. खरी मारामारी सहा ते साडेसात: दोन्ही पोरांच्या शाळा, नवऱ्याची कंपनीची बस, जाऊबाईंची बँक आणि मी. त्यात नाशिकची थंडी. जानेवारीत टाकीच्या पाण्यात नुसतं बोट बुडवलं तरी कळ येते.

जुना गिझर नेमका पहिल्या अंघोळीच्या पहाटे बसला. मेकॅनिकनं नंतर कॉइल काढून दाखवली. बोअरच्या पाण्याचा क्षार चढून खोबऱ्याची वडी थापावी तशी पांढरी आणि जाड झाली होती. त्या पहाटे सासूबाईंनी माळ्यावरचा तांब्याचा बंब काढायला लावला आणि अंगणात करवंट्या घालून पेटवला. धुरानं डोळे चुरचुरले, पण सातही जणांचं उटणं लावून झालं. "बंब कधी बिघडलाय का गं?" हे वाक्य त्यानंतर महिनाभर ऐकलं.

मग मी कागद-पेन घेऊन बसले. माणशी 20 लिटरची एक बादली, म्हणजे 140 लिटर. 15 अंशांचं पाणी 40 वर न्यायचं तर साधारण 4 युनिट वीज. 25 लिटरच्या गिझरमधलं 60 अंशांचं पाणी विसणून जेमतेम सव्वादोन बादल्या होतात; पुन्हा तापायला 2 किलोवॉटच्या कॉइलला पाऊण तासाला थोडंच कमी लागतं. म्हणजे तिसऱ्या माणसाची बस चुकलीच.

गॅस गिझर स्वस्त आणि झटपट, पण आमच्या न्हाणीघराला हातभर खिडकी, तीही थंडीत बंद. गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पोरं आत अर्धा अर्धा तास गाणी म्हणत बसतात, तेव्हा तो विषय तिथेच संपवला.

शेवटी गच्चीवर 200 लिटरचा सोलर बसवला, काचेच्या नळ्यांचा. तांब्याच्या बारीक नळ्यांचा पॅनेल क्षारानं लवकर चोंदतो, म्हणून हा. पावसाळ्यासाठी आणि सासऱ्यांच्या पहाटेसाठी खाली 25 लिटरचा नवा गिझर आहेच.

सोलरची एक खोड विकताना कुणी सांगितली नाही. गच्चीपासून खालच्या नळापर्यंत 60 फूट पाऊण इंची पाइप. त्यात रात्रभर निवलेलं पाच लिटर पाणी आधी येतं. ते बादलीत धरून मी फरशीला वापरते. दुसरी खोड जास्त वाईट. रात्री जेवढं गरम पाणी काढाल तेवढंच गार पाणी टाकीत शिरतं, आणि सकाळपर्यंत तिथे ऊन कुठलं? म्हणून नळावर चिठ्ठी चिकटवली: "रात्री आठनंतर सोडू नये."

पहिल्याच रविवारी रात्री साडेनऊला केस धुतले कुणी, तर मी. सोमवारी धाकट्यानं कोमट पाण्यानं आंघोळ केली आणि चिठ्ठीखाली पेन्सिलीनं लिहिलं, "आईनेसुद्धा".