वासोट्यावर उघडली शून्य बाइटची फाइल

वासोट्यावर माझ्याच ॲपनं मला तोंडघशी पाडलं. बामणोलीहून बोट सुटली, शिवसागरात मध्यावर रेंज गेली, आणि पलीकडे उतरून वाटेचा जीपीएस ट्रॅक उघडतो तर नकाशा कोरा. यादीत मात्र ‘उतरवलं’ची हिरवी खूण. सोबतचा मित्र म्हणाला, “खूण तरी झकास काढलीयस.”

नव्यांसाठी एका ओळीत: गडांचे ट्रॅक आणि फोटो घरी वायफायवर उतरवायचे, नेट नसताना ब्राउझरमध्येच बघायचे. फायली जातात ओपीएफएसमध्ये, म्हणजे ब्राउझर प्रत्येक साइटला देतो त्या खासगी कप्प्यात. फोनच्या डाउनलोड्समध्ये त्या दिसत नाहीत, शोधत बसू नका.

सबफोल्डरचं घोडं आधीच गंगेत न्हालं होतं. ‘वासोटा/ट्रॅक/मुख्य.जीपीएक्स’ असा अख्खा पत्ता फाइल मिळवून देणाऱ्या गेटफाइलहँडलला दिला की टाइपएरर येतो, कारण नावात तिरकी रेघ चालत नाही. म्हणून नेव्हिगेटर.स्टोरेज.गेटडिरेक्टरीनं मूळ फोल्डर घ्यायचा, पत्ता रेघेवर तोडायचा आणि क्रिएट: ट्रू (नसेल तर बनव) देऊन गेटडिरेक्टरीहँडलनं एकेक पायरी खाली उतरायचं. हे फॉर-ऑफ लूपमध्ये करा. फॉरईच अवेटसाठी थांबत नाही आणि पुढच्या पायरीला मागचा हँडल, म्हणजे आधीच्या फोल्डरचा धागा, लागतो. पत्त्याच्या शेवटी रेघ राहिली तर रिकामा तुकडा येऊन परत तोच एरर, तेव्हा रिकामे तुकडे आधीच गाळा. देवनागरी नावं बिनतक्रार चालतात.

कोऱ्या नकाशाची भानगड वेगळीच निघाली. गेटफाइलहँडल क्रिएट: ट्रूसह बोलावलं की त्याच क्षणी शून्य बाइटची फाइल जन्माला येते. लिखाण करणारं क्रिएटरायटेबल मात्र सगळं तात्पुरत्या फाइलीत लिहितं आणि क्लोज झाल्यावरच खऱ्या फाइलीत आणतं. माझं वायफाय मध्येच तुटलं, येणारा डेटा फाइलीत ओतणाऱ्या पाइपटूनं लिखाण रद्द केलं, रिकामं टरफल मागे उरलं. आणि माझी तपासणी काय, तर ‘फाइल आहे का?’ आहे की!

आधी वाटलं, सर्व्हर हेडरमध्ये आकार सांगतो त्या कंटेंट-लेंग्थशी फाइलीचा आकार ताडून बघू. ट्रॅक सर्व्हरवरून जीझिप होऊन येतात, हेडरमध्ये दाबलेला आकार आणि फाइलीत उलगडलेला मजकूर, त्यामुळे चांगल्या फायलीही नापास. शेवटी उपाय साधा निघाला: लिखाण सगळं किंवा काहीच नाही, तर गेटफाइलच्या साइझमध्ये शून्य म्हणजे उतरली नाही. एरर पकडणाऱ्या कॅचमध्ये फाइल काढून टाकणारं रिमूव्हएंट्रीही घातलं. रिस्पॉन्स.ओके तपासायला विसरू नका, नाहीतर ४०४चं पान ट्रॅक म्हणून जपून ठेवाल. पाइपटूनंतर वेगळं क्लोज करू नका, ते स्वतःच करतं. मी केलं आणि अर्धा तास एररकडे बघत बसलो.

काल अजिंक्यताऱ्यावर फ्लाइट मोड लावून चार गड उघडले, चारही आले. राहिलंय ते नेव्हिगेटर.स्टोरेज.पर्सिस्ट, ते नसेल तर जागा कमी पडल्यावर ब्राउझर हा कप्पा रिकामा करू शकतो. जुन्या सफारीत क्रिएटरायटेबलच नाही, तिथं वर्करमध्ये (मागे वेगळ्यानं चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) क्रिएटसिंकॲक्सेसहँडल वापरावं लागेल. आयफोनवाला मित्र तोवर माझ्या मागून चालेल.