जुना रेनकोट आधी उलटा करून पाहावा

वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत जुने रेनकोट शोधण्याचा नाद मला लागून आता बरीच वर्षे झाली. या काळात अंगवळणी पडलेली एक सवय अशी की, कोट हँगरवरून उतरवला की आधी तो उलटा करायचा. समोरून पाहिले तर चाळीस-पन्नास वर्षांचा रेनकोट बहुधा देखणाच दिसतो. कापड दणकट असते, रंग मुरलेला असतो, आणि रुंद कॉलरचा व मोठ्या बटणांचा डौल मोहात पाडतो. परंतु पाणी अडवणारा थर पुष्कळदा आतल्या अंगाला असतो आणि कोटाचे खरे वय तिथेच दिसते.

हा धडा मला एका गडद निळ्या नायलॉनच्या जाकिटाने दिला. बाहेरून ते नवेकोरे वाटत होते आणि आत पाहण्याचे मला सुचलेच नाही. पहिल्याच पावसात दहा मिनिटांच्या आत खांद्यांवरून पाणी आत उतरले, आणि घरी येऊन जाकीट काढले तेव्हा माझ्या काळ्या सदऱ्यावर कोंडा पडावा तसे पांढरे पापुद्रे पसरले होते. तो आतून दिलेला पॉलियुरेथेनचा लेप होता. हवेतल्या दमटपणाने या लेपाचे रेणू हळूहळू तुटत जातात, त्यामुळे जाकीट कोणी घातले नाही, नुसते कपाटात टांगून ठेवले, तरी ते आपल्या जागी झिजतच राहते. असा लेप एकदा सुटू लागला की धुऊन, इस्त्री करून किंवा वरून काही फवारून तो परत बसत नाही. आता मी असे जाकीट उलटे करून काखेतल्या आणि मानेमागच्या कापडावर हलकेच नख फिरवते, शिवणीवरची पट्टी सुटली आहे का ते पाहते आणि नाक जवळ नेते. लेप कुजू लागला असेल तर एक आंबूस, ओकारीसारखा वास येतो, आणि तो आला की कोट कितीही आवडला असला तरी मी परत ठेवते.

चकचकीत पीव्हीसीच्या कोटांची कथा वेगळी आहे. १९६०च्या दशकात या प्लॅस्टिकला फॅशनमध्ये मानाचे स्थान मिळाले. लंडनच्या मेरी क्वांट यांनी १९६३मध्ये त्याच्याच कपड्यांचा ‘वेट कलेक्शन’ हा संग्रह आणला होता. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळतात, आणि वर्षानुवर्षे तीच द्रव्ये पृष्ठभागावर पाझरत राहतात. त्यामुळे कोट आधी चिकट होतो आणि पुढे ताठ होऊन घड्यांवर तडकतो. एकदा मला एक लालभडक कोट दिसला, त्याची एक बाही कुशीला चिकटून बसलेली होती. दुकानदाराने ‘थांबा, सोडवतो’ असे म्हणून ती ओढली. चर्र आवाज झाला, बाही सुटली खरी. पण तळहाताएवढ्या जागेवरची चकाकी तिच्याबरोबर निघून गेली आणि खाली विणलेले पांढरट कापड उघडे पडले. आम्ही दोघेही क्षणभर त्या डागाकडे पाहत राहिलो. चूक त्याची नव्हती. कोणीतरी तो कोट घडी करून उबदार जागी वर्षानुवर्षे दाबून ठेवला होता, त्याचा तो परिणाम होता.

रबराचा कोट मात्र मी अजूनही आशेने उचलते, कारण रेनकोटाचा आधुनिक इतिहासच त्याच्यापासून सुरू होतो. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३मध्ये पेटंट घेतलेली युक्ती साधी होती. डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थामध्ये रबर विरघळवायचे आणि ते दोन कापडांच्या मध्ये पसरून तिन्ही थर एकजीव करायचे. त्या पहिल्या कोटांना उग्र वास येई, थंडीत ते लाकडासारखे ताठत आणि उन्हात चिकट होत. गंधकासह रबर तापवून ते टिकाऊ करण्याची प्रक्रिया १८४०च्या दशकात प्रत्यक्ष वापरात आली आणि हा दोष आटोक्यात आला. अशा कोटाची ओळख पटवायची असेल तर काखेत पाहावे, तिथे धातूच्या कड्या बसवलेली बारीक छिद्रे असतात. रबरातून घामाची वाफ बाहेर पडत नाही, म्हणून ती वाट मुद्दाम ठेवलेली असते. शिवणी आतून चिकटवून त्यांवर पट्टी लावलेली असते, आणि जुन्या कोटात आधी दगा देतो तो हा गोंद. पट्टी सुटलेली असणे हे माझ्या लेखी कोट नाकारण्याचे कारण नाही, कारण ती पुन्हा चिकटवता येते. खुद्द रबरालाच भेगा पडल्या असतील, कापड मुठीत चुरगळल्यावर वाळक्या पानासारखे कुरकुरत असेल, तर मात्र उपाय नाही.

सुती कोट हे या सगळ्या शोधातले सर्वांत क्षमाशील गिऱ्हाईक आहे. थॉमस बर्बरी यांनी १८७९मध्ये गॅबर्डीन हे कापड तयार केले आणि १८८८मध्ये त्याचे पेटंट घेतले. सूत विणण्याआधीच पाणीरोधक करायचे आणि वीण इतकी घट्ट ठेवायची की थेंब वरून घरंगळून जावा, असा त्यामागचा विचार होता. असा कोट मुसळधार पावसात तासभर टिकाव धरत नाही, परंतु आत घुसमटही होत नाही. पर्सच्या कप्प्यात मी पाण्याची एक लहान बाटली ठेवते आणि दुकानदाराची परवानगी घेऊन खालच्या काठाच्या आतल्या बाजूला एक थेंब सोडते. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर उत्तमच. तो पसरून काळा डाग पडला तरी मी निराश होत नाही, कारण सुती कापडातला साबणाचा अंश नीट धुऊन काढला आणि पाणीरोधक द्रावणातून कोट काढून वाळवला की त्याला पुन्हा काही काळ जोम येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी व्हेंटाइल नावाचे कापड विकसित केले होते. त्यात कसलाही लेप नसतो. लांब धाग्याचा कापूस भिजताच फुगतो आणि विणीतल्या फटी आपोआप बुजतात. त्या नावाचा बिल्ला लावलेला कोट माझ्या हाती आजवर एकदाच आला आणि त्याच्या बाह्या मला चार बोटे आखूड निघाल्या, याचे दुःख अजून गेलेले नाही.

मेण दिलेल्या कापडाची जाकिटेही अशीच जगवता येतात, मात्र आधीच्या मालकाने ती धुलाई यंत्रात टाकलेली नसावीत. गरम पाण्याने व साबणाने मेण निघून गेले की कापड कोरडे, फिकट आणि निर्जीव दिसते. डबीतले मेण कोमट पाण्यात ठेवून पातळ करावे, फडक्याने शिवणींपासून सुरुवात करून चोळत जावे आणि केस वाळवण्याच्या यंत्राच्या गरम झोताने ते मुरवावे. एक संध्याकाळ जाते, पण हातही मऊ होतात. काळ्या ठिपक्यांची बुरशी अस्तरात उतरली असेल तर मी त्या वाटेला जात नाही, कारण तो कुबट वास मेणालाही पुरून उरतो.

वय ओळखण्यासाठी मी बिल्ल्यांपेक्षा जोडकामाकडे अधिक पाहते. मनगटावर वेल्क्रो असेल तर कोट १९५०च्या दशकाच्या आधीचा असूच शकत नाही, कारण त्याचे पेटंटच त्या दशकातले आहे. आत गोअर-टेक्सचा, म्हणजे पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचा, उल्लेख असेल तर तो १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा. ब्रिटनमधल्या कोटावर ‘सीसी ४१’ हा शिक्का दिसला तर १९४१ ते १९५२ या काळातली, सरकारने ठरवून दिलेल्या काटकसरीच्या नियमांखालची ती शिलाई आहे. चेन मात्र फसवते, कारण ती कोणीही मध्येच बदललेली असू शकते.

खिशांबद्दल एक कबुली द्यायला हवी. एका लांब बेज कोटाच्या उजव्या खिशातून माझा हात सरळ आतल्या पँटपर्यंत गेला, तेव्हा खिसा फाटला आहे असे सांगून मी भाव कमी करून घेतला. घरी आल्यावर पाहते तर डावा खिसाही तसाच, आणि दोन्ही चिरांच्या कडा सुबक गोट लावून शिवलेल्या. कोटाची बटणे न उघडता आतल्या कपड्याच्या खिशात हात घालता यावा म्हणून जुन्या लांब रेनकोटांत ही सोय केलेली असते. पुढच्या खेपेला मी दुकानदाराला ते सांगितले. तो हसला आणि त्याने शेजारच्या दोन कोटांचे खिसे लगेच तपासून पाहिले.

गेल्या महिन्यात मिळालेला रबराचा कोट सध्या माझ्या टेबलावर उलटा पसरलेला आहे. डाव्या काखेची पट्टी सुटली होती. जुना गोंद मी बोटाने गोळ्या करून काढला, दोन्ही बाजूंना नवा रबरी गोंद लावून तो सुकू दिला, मग पट्टी दाबली आणि वर दोन जाड शब्दकोश ठेवले. ते उद्या सकाळी उचलणार आहे. आज दुपारीच एक कोपरा उचलून पाहण्याचा मोह झाला होता, पण उजव्या काखेच्या वेळी तेच केले होते आणि ती पट्टी दोनदा लावावी लागली.