ब्लूमिंग्टनचे जज्ज डेव्हिस: आधी माउंट पुलास्की, मग वाडा

जिल्हा न्यायालयात 31 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी बेंच क्लार्क, म्हणजे जज्जापुढे बसून खटल्यांचे कागद सांभाळणारा, म्हणून. त्यामुळे इलिनॉयला लेकीकडे आल्यावर ती म्हणाली, "बाबा, आमच्या गावात एका जज्जाचा वाडा आहे, बघायचाय?" तेव्हा मी लगेच बूट चढवले.

ब्लूमिंग्टन आणि नॉर्मल ही जोडशहरं शिकागोहून गाडीनं सव्वादोन तासांवर आहेत. आगगाडीनंही येता येतं, स्टेशन नॉर्मलला आहे. विमा कंपन्यांतल्या संगणकाच्या कामामुळे मराठी घरं इथे आहेत. त्यांच्याकडे आलेल्या आईवडिलांनी हे ठिकाण चुकवू नये. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा वाडा बंद होता. आठवड्यातले काही दिवस तो उघडत नाही, म्हणून वेळ आधी बघून घ्या. तिकीट नाही, ऐच्छिक देणगी ठेवायची.

डेव्हिड डेव्हिस यांचा जन्म 1815 चा, मेरीलँडमधला. 1836 साली ते ब्लूमिंग्टनला आले, वकिली केली, जमिनी घेतल्या आणि त्यावर गबर झाले. 1845 ला राज्याच्या विधानसभेत गेले, 1847 ला राज्यघटना नव्यानं लिहिणाऱ्या सभेत बसले. त्या घटनेनं जज्ज लोकांनी निवडून द्यायचे ठरलं, आणि 1848 ला डेव्हिस आठव्या सर्किटचे जज्ज म्हणून निवडून आले.

सर्किट म्हणजे फिरतं न्यायालय. एका टप्प्यावर 14 काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग, त्यांच्याकडे होत्या. वसंतात एक फेरी, शरदात एक. चिखलातून घोडागाडी हाकत जज्ज पुढे आणि वकिलांचा तांडा बरोबर. अब्राहम लिंकन जवळपास सगळी फेरी पुरी करायचे. खानावळीत वकील एकेका खाटेवर दोघे दोघे झोपत. जज्जसाहेबांना मात्र आख्खी खाट, कारण वजन 300 पौंडांच्या वर! बायकोला, सॅराला, लिहिलेल्या पत्रांत जेवणाच्या आणि रस्त्यांच्या तक्रारी आहेत. आमच्याकडे बदलीच्या गावाहून साहेब लोक अशीच पत्रं लिहीत.

वाडा 1872 चा, 36 खोल्यांचा, पिवळसर विटांचा. आतलं बरंच सामान डेव्हिस कुटुंबाचंच आहे. दिवाणखान्यापेक्षा स्वयंपाकघर आणि न्हाणीघर निवांत बघा: त्या काळात घरात नळाला गरम आणि गार पाणी होतं. मागे सॅराची फुलबाग आहे, उन्हाळ्यात गेलात तर तिथे बसा. जिने आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

पण वाडा पाहून हा माणूस कळत नाही. मला तो कळला 1866 च्या निकालात. 1860 ला लिंकनना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवून द्यायला शिकागोच्या अधिवेशनात सगळी सूत्रं डेव्हिसनी हलवली. 1862 ला लिंकननी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमलं. पुढे यादवी युद्धात इंडियानाच्या लॅम्ब्डिन मिलिगन या नागरिकाला लष्करी आयोगानं फाशी ठोठावली. प्रकरण वर आलं तेव्हा निकालपत्र डेव्हिसनी लिहिलं: मुलकी न्यायालयं उघडी असताना नागरिकाला लष्करापुढे उभं करता येत नाही, घटना युद्धातही तितकीच लागू. म्हणजे मित्राच्याच सरकारनं केलेलं चूक ठरवलं. त्याच काळात ते त्या मारल्या गेलेल्या मित्राची इस्टेट सांभाळत होते. लिंकन मृत्युपत्र न करता गेले होते. डेव्हिसनी ती मालमत्ता वाढवून सुमारे 1,10,000 डॉलरवर नेली, पत्नी आणि दोन मुलांत वाटून दिली, आणि मेहनताना घेतला नाही. न्यायालयात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला या दोन कागदांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: आधी माउंट पुलास्कीला जा. गाडीनं तासभर लागतो, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. गावच्या चौकात, टेकाडावर, डेव्हिसच्या सर्किटमधलं विटांचं दुमजली न्यायालय उभं आहे. 1848 ते 1855 इथे लोगन काउंटीचं कामकाज चाललं. लिंकननी वकिली केलेली, आठव्या सर्किटमधली अशी मूळ जागी उरलेली न्यायालयाची इमारत दुसरी फक्त मेटामोरा गावात आहे. खाली दफ्तरं, वर कोर्टाची खोली. गाव लहान आहे, डबा बरोबर ठेवा. आम्ही पोळी-भाजी चौकातल्या हिरवळीवर खाल्ली.

वर गेलो तेव्हा आमच्याशिवाय कोणी नव्हतं. साधी लाकडी बाकं, उंच खिडक्या. लेक फोटो काढत होती. मी जज्जाच्या आसनाच्या पायरीखाली, डाव्या हाताला, जिथे माझी जागा असायची तिथे जरा वेळ उभा राहिलो.

वाड्याच्याच दिवशी एव्हरग्रीन दफनभूमीही करून घ्या. 1886 मध्ये गेलेले डेव्हिस तिथे आहेत.