फाईल संपते कशी?

गणपतीत घरी आलेला भाचा विचारतो, सोसायटीतली मुलं विचारतात, त्यांचे आईवडील तर हमखास विचारतात. गेम विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाच्या मदत-चॅटवर मी तीन वर्षं काम केलंय हे कळलं की प्रश्न ठरलेला: "डिजिटल गेम म्हणजे शेवटी फाईलच. लाख जणांनी उतरवून घेतली तरी ती कमी होत नाही. मग सेलमध्ये 'स्टॉक संपला' कसं दिसतं? खोटंच असतं ना ते?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कधी ते खरं असतं, कधी खोटं, आणि समोरच्या पडद्यावरून तुम्हाला यातलं काहीच ओळखता येत नाही. मला सर्वांत जास्त खुपतं ते हे शेवटचं.

आधी खरं कधी असतं ते बघू. स्टीम हे कॉम्प्युटरवरच्या गेमचं मोठं ऑनलाइन दुकान. तुम्ही तिथून थेट गेम घेता तेव्हा काही संपत नाही. पैसे भरले की तुमच्या खात्यावर नोंद होते, इतकंच. पण आमच्यासारखी बाहेरची दुकानं गेम विकत नाहीत, ती 'की' विकतात. पाच-पाच अक्षरांचे तीन गट, मध्ये आडव्या रेघा. ही की स्टीममध्ये टाकली की गेम तुमच्या नावावर चढतो आणि ती की कायमची वापरली जाते. एका कीवर एकच खातं. या की गेमची कंपनी स्टीमकडून मागून घेते आणि दुकानांना गठ्ठ्यांनी देते. स्टीम मागेल तितक्या देईलच असं नाही. आणि कंपनीलाही आपला गेम सगळीकडे पडेल भावात विकला जायला नको असतो. त्यामुळे एखाद्या सेलसाठी दुकानाला पाचशेच की मिळाल्या, तर पाचशे एकाव्या माणसाला देण्यासाठी दुकानाकडे खरोखरच काही नसतं. फाईल असते, ती उघडायची किल्ली नसते.

आमचं ऑफिस ऐरोलीला होतं. मी नौपाड्यातून निघून ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायचे, संध्याकाळी सहाला टेबलावर. २०१७ ते २०२० हा काळ. मोठे सेल रात्री नऊला सुरू व्हायचे. तीन हजारांचा गेम आठशेला, आणि त्याखाली एक नारिंगी पट्टी: इतके टक्के विकले गेले. नऊ वाजून पाच मिनिटांनी पट्टी अर्ध्यावर असायची. नऊ वाजून पंधराला आमच्या चॅटच्या खिडक्या भरायला लागायच्या, एकेकीला एका वेळी पाच-सहा.

लोकांचा राग मी तिथे पहिल्यांदा जवळून वाचला. शिव्या देणारे थोडे होते. बहुतेक जण हिशेब मागत होते. मी नऊ वाजून दोन मिनिटांनी क्लिक केलं, माझा मित्र सात मिनिटांनी आला, त्याला मिळाला आणि मला नाही, हे कसं? याचं उत्तर मला माहीत होतं. की कुणासाठी राखून ठेवली जात नव्हती. ज्याचे पैसे आधी पक्के होतील त्याला की. आपल्याकडे कार्डाने पैसे भरायचे तर ओटीपी लागतो, आणि सगळे एकाच वेळी तुटून पडले की तो उशिरा येतो. टोपलीत टाकल्याबरोबर दहा मिनिटं राखून ठेवायची सोय करता आली असती. पण मग पन्नास खोटी खाती काढून सगळा साठा अडवून बसणारे असतात, आणि खऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्या क्षणालाच 'संपला' दिसतं. दोन्हीकडे कुणीतरी भरडला जातोच. यात सोपा मार्ग होता असं मी आजही म्हणणार नाही.

एक मुलगा आठवतो. ऑफिस सुटल्यावर डोंबिवलीला चाललेला, फास्ट लोकलमध्ये. ठाणं सुटल्यावर त्याने पैसे भरायला घेतले आणि ओटीपीची वाट बघत असतानाच पारसिकचा बोगदा लागला. तेव्हा फास्ट गाड्या त्या बोगद्यातूनच जायच्या. बाहेर आल्यावर ओटीपी आला, पैसे कापले गेले, आणि की नाही. पैसे परत यायला पाच ते सात कामाचे दिवस. त्याने मला लिहिलं, "मॅडम, पैसे येतील, त्याचं काही नाही. मी पगारातून दोन महिने बाजूला टाकत होतो. आज गेम लावणार म्हणून घरी सांगून ठेवलं होतं." मी दिलगिरीचं तयार उत्तर पाठवलं. दुसरं माझ्या हातात नव्हतं.

दुसऱ्या एक बाई होत्या, कळंबोलीच्या. त्यांची गोष्ट मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मुलाच्या वाढदिवसासाठी त्या सेलची वाट बघत बसल्या होत्या. मुलाकडे प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, आणि यांनी घेतली पीसीची, म्हणजे फक्त कॉम्प्युटरवर चालणारी की. पानावर लिहिलेलं होतं, बारीक अक्षरांत, पण लिहिलेलं होतं. मात्र शेजारी ८७ टक्के संपल्याची पट्टी आणि उलटं धावणारं घड्याळ असेल, तर बारीक अक्षरं कोण वाचेल? त्यांनी की उघडून बघितली होती, आणि एकदा उघडलेली की परत घेता येत नाही, कारण ती कुणी वापरली का, कुणाला दिली का, हे दुकानाला कळायला मार्ग नसतो. नियम मला पटत होता. बाईंचं म्हणणंही पटत होतं. त्या मराठीत लिहायला लागल्या तशी मीही मराठीत उतरले. त्या म्हणाल्या, "ताई, मी कधी घाईत भाजीसुद्धा घेत नाही. आज काय झालं मला कळलंच नाही."

काय झालं ते मला पुढे कळलं. १९७५ साली अमेरिकेत स्टीफन वर्चेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. तीच बिस्किटं, काही जणांना दहा असलेल्या बरणीतून दिली, काहींना दोनच उरलेल्या बरणीतून. दोनच्या बरणीतली लोकांना जास्त हवीशी वाटली. डोळ्यांदेखत दहाची दोन झाली तर आणखी जास्त, आणि ती बाकीच्यांनी मागून नेल्यामुळे कमी झाली असं कळलं तर सगळ्यांत जास्त. नारिंगी पट्टी नेमकं हेच दाखवते: बरणी रिकामी होतेय आणि ती इतर लोक रिकामी करताहेत. कळंबोलीच्या बाईंमध्ये काही उणं नव्हतं.

आता खोटं कधी असतं त्याबद्दल. हे सांगताना मला अजून त्रास होतो.

एका सेलच्या रात्री 'मागणी प्रचंड असल्यामुळे साठा संपला आहे' हे वाक्य मी शंभरदा तरी चिकटवलं असेल. पुढच्या आठवड्यात तोच गेम, तीच किंमत, पुन्हा सेलला. मला वाटलं नवा गठ्ठा आला. जेवणाच्या सुट्टीत कळलं की गठ्ठा एकच होता, पहिल्यापासून. अर्धा मुद्दाम मागे ठेवला होता. पहिल्या रात्रीची हळहळ दुसऱ्या सेलची जाहिरात करणार होती. म्हणजे मी शंभर माणसांना जे सांगितलं ते खरं नव्हतं, आणि त्यांच्यातल्या कुणालाही ते ताडून बघता आलं नसतं. मी वरिष्ठांना विचारलं. उत्तर मिळालं, सगळेच करतात. त्यानंतर काही महिन्यांत मी ते काम सोडलं. याच एका कारणाने सोडलं असं नाही, पण हे कारण होतंच.

ताडून बघता येणं, हा माझ्या लेखी सगळ्याचा गाभा आहे. लहानपणी बाबा मला गडकरी रंगायतनच्या खिडकीवर घेऊन जायचे. प्लॅन उघडायचा दिवस ठरलेला. आत बसलेल्या माणसापुढे खुर्च्यांचा कागदी नकाशा असायचा आणि विकली गेलेली खुर्ची तो पेनाने खोडायचा. रांगेत आपल्या पुढे किती माणसं आहेत ते दिसायचं, नकाशावर किती चौकोन कोरे आहेत ते दिसायचं. कधी आमच्या पुढच्या माणसापाशी नाटक हाउसफुल व्हायचं. बाबा "चला" म्हणायचे आणि आम्ही तलावपाळीवर कुल्फी खाऊन घरी यायचो. वाईट वाटायचं, फसवल्यासारखं कधी वाटलं नाही. मिसळीचं पातेलं रिकामं झालं की आपण गाडीवाल्याशी भांडत नाही, कारण पातेलं समोर असतं. ऑनलाइन सेलमध्ये प्लॅन झाकून ठेवलेला असतो आणि फक्त पेन हलताना दाखवतात.

पुरवठा अमर्याद आहे हे माहीत असूनही लोक धावतात का? धावतात. मे २०२०, लॉकडाऊन. एपिक गेम्स स्टोअरने 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' फुकट द्यायला सुरुवात केली. आठवडाभर, १४ ते २१ मे. कीचा प्रश्न नाही, साठ्याचा प्रश्न नाही, सात दिवस हातात. तरी पहिल्याच संध्याकाळी इतकी गर्दी झाली की दुकान कित्येक तास कोलमडलं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलं रात्री दीड वाजता एकमेकांना 'मिळाला का' विचारत होती. या धावण्यात नुसती हाव होती असं मला वाटत नाही. घरात कोंडलेल्या मुलांना सगळ्यांबरोबर एकाच वेळी काहीतरी करायला मिळालं होतं. सेलचा हा आनंद खराच असतो, तो मी नाकारत नाही. मलाही नऊच्या ठोक्याची ती धडधड आवडायची.

पण नुसता मुदतीचा खेळही किती ताणता येतो बघा. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने 'सुपर मारिओ ३डी ऑल-स्टार्स' हा गेम सप्टेंबर २०२० मध्ये आणला आणि सांगून टाकलं की ३१ मार्च २०२१ नंतर विकणार नाही. डिजिटल प्रतसुद्धा. तिथे कुठलीही की संपणार नव्हती. टंचाई ठरवून तयार केली होती. माझ्या दृष्टीने ते लोकांशी रुक्ष वागणं होतं. लपवाछपवी मात्र नव्हती, तारीख सहा महिने आधीपासून सगळ्यांसमोर होती.

उलट स्टीमने काय केलं तेही सांगायला हवं. तिथल्या मोठ्या सेलमध्ये पूर्वी काही तासांपुरत्या सवलती असायच्या. भारतातली मुलं त्यासाठी पहाटे गजर लावून उठायची. जून २०१५ मध्ये स्टीमने परताव्याचा नियम आणला: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या सेलपासून त्या तासांच्या सवलती बंद झाल्या. पहिल्या दिवशीची किंमत शेवटच्या दिवशीही तीच. जुने लोक अजून हळहळतात की सेलची मजा गेली. मजा गेली हे खरं. पण गिऱ्हाईक तरीही येतात आणि विक्री होतेच. दुकान चालवायला घाबरवावंच लागतं, हे मला ऐरोलीत शिकवलं गेलं होतं. ते चूक होतं.

आपल्याकडे आता याला कायद्याचं नाव आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न', म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार आहेत आणि 'फॉल्स अर्जन्सी', म्हणजे खोटी निकड, त्यात आहे: माल संपत आल्याचा किंवा वेळ संपत आल्याचा खोटा आभास करून लगेच विकत घ्यायला लावणं. अर्धा गठ्ठा मागे ठेवून 'संपला' म्हणणं याच्यात बसतं असं माझं मत आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तक्रार करायची तर घड्याळाचा आणि पट्टीचा स्क्रीनशॉट वेळेसकट काढून ठेवा, आणि तोच सेल पुन्हा लागला तर त्याचाही. तो नंतर मिळत नाही.

दुकानांकडून मला फार काही नको आहे. सेलच्या पानावर एक आकडा हवा: आमच्याकडे इतक्या की आहेत. टक्के नकोत. ५० टक्के कशाचे, वीसचे की वीस हजारांचे? संपल्या की 'संपल्या', आणि पुन्हा येणार असतील तर तारीख. ती कळंबोलीची किंवा तो डोंबिवलीचा मग स्वतःच ठरवेल की आज बोगद्यात बसून धडपड करायची की पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबायचं.

गेल्या दिवाळीत भाचा माझ्याकडे राहायला होता. रात्री जेवणं चालू असताना त्याचा फोन वाजला आणि तो ताटावरून उठला. "मावशी, बारा मिनिटं राहिली!" मी हात धुऊन त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याला म्हटलं, आधी खालची बारीक अक्षरं मोठ्याने वाच. त्याने वाचलं. कुठल्या यंत्रासाठी, कुठल्या देशात चालेल, की उघडल्यावर परतावा नाही. किती की आहेत ते कुठेच नव्हतं. वाचेपर्यंत घड्याळ शून्यावर आलं आणि पान करडं झालं.

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "खरंच संपल्या असतील?"

मी म्हटलं, "मला नाही सांगता येणार रे." मग त्याचं गार झालेलं वरण मी पुन्हा गरम करायला ठेवलं.