डबा परत करताना

आषाढातल्या एका दुपारी टेबलाचा खण उघडला, तेव्हा आत व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा ओलाव्याने एकमेकांना चिकटून त्याची एकच जाड वडी झालेली दिसली. कोकणातल्या पावसाळ्यात पापड सादळतात, काड्यापेट्या सादळतात, तेव्हा कार्डे सादळली यात नवल नाही; पण सादळेपर्यंत ती खणातच राहिली, याचा दोष मात्र पावसाला देता येणार नाही.

आमसुले, आगळ आणि अमृत कोकम यांचा माझा छोटासा घरगुती उद्योग आहे. तो वाढवायचा तर नेटवर्किंग हवे, असे सगळ्यांनी सांगितले म्हणून रत्नागिरीतल्या एका उद्योजक मेळाव्यासाठी ती कार्डे छापून घेतली होती. तिथे प्रत्येकाने उभे राहून एका मिनिटात स्वतःचा परिचय द्यायचा आणि नंतर चहाच्या वेळी हिंडून शक्य तितकी कार्डे वाटायची, असा रिवाज होता. रातांब्याची साल त्याच्याच रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, हे प्रकरण मी कोणालाही अर्धा तास ऐकवू शकते. स्वतःविषयी मात्र माझ्याकडे एका मिनिटाचाही ऐवज नसतो. चहा घेऊन मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. तिथे माझ्यासारख्याच कडेला आलेल्या एक बाई होत्या. पावसाळ्यात बाटल्यांवरची लेबले सुटू नयेत म्हणून काय करावे, यावर आम्ही मनसोक्त बोललो. कार्ड दोघींनीही काढले नाही.

लहानपणी वर्षाची आमसुले तयार झाली की आजी मला डबा देऊन वाडीतल्या घरोघरी पाठवायची. मी इतकी अबोल होते की पडवीत पाऊल टाकले की तोंडातून शब्द फुटत नसे, पण त्याची कधी गरजच पडली नाही. स्टीलच्या डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी आजोबांचे नाव घातलेले होते. त्या घरातली झोपाळ्यावरची आजी ते नाव बोटाने चाचपून वाचायची, ‘अगो, तू होय!’ म्हणायची आणि पुढचे सगळे एकटीच बोलायची. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा तर सगळ्या वाडीचा नियम होता. त्यात कधी कापे गरे यायचे, कधी मूठभर ओले काजूगर, आणि घरात देण्याजोगे काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी यायचीच. आमची आजी झाकण उघडायची आणि खरवस दिसला की कोणाची गाय व्याली हे तिला न सांगता कळायचे. गावातली तिची सगळी माहिती अशी डब्यांतून परत यायची.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन या गावात, नोकरी बदललेल्या काही जणांना ती कोणामुळे मिळाली असे विचारले होते. १९७३ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष माझ्यासारखीला फार धीर देणारा आहे: ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. नवी बातमी लांबून येते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के, पण दहा लाखांच्या मर्यादेत, अनुदान मिळते हे मलाही कोणा उद्योजकाने सांगितले नाही. ते सांगितले बाटल्यांची खोकी उतरवायला येणाऱ्या टेम्पोवाल्याने, कारण चिपळूणकडच्या एका फणसपोळीवाल्यांकडे त्याची खेप असते. त्याच्याशी माझे बोलणे आजवर ‘जपून ठेवा’ आणि ‘पाणी हवे का’ यापलीकडे गेलेले नव्हते.

म्हणून माझा एक हट्ट आहे, आणि तो तऱ्हेवाईक वाटला तरी मी सोडणार नाही: रिकाम्या हाताने कोणाची ओळख करून घ्यायला जायचे नाही. प्रदर्शनात टेबलापलीकडे उभी राहून लहान पेल्यात सोलकढी ओतायची असली की मी दिवसभर बोलते. तिखट झाली आहे का, एवढ्या एका प्रश्नावर माणसे थांबतात, आपल्या घरची रीत सांगतात आणि जाताना फोन नंबर देऊन जातात. मग दोन दिवसांनी, त्यांनी सांगितलेल्या रीतीने कढी करून पाहिली, असा दोन ओळींचा संदेश मी पाठवते. फोन करत नाही. तेवढे धैर्य अजून आलेले नाही आणि त्याविना धंद्याचे काही अडलेलेही नाही.

एक गोष्ट मात्र मनात सलते. डबा घेऊन मी ज्या पडव्यांत उभी राहत असे, त्यांतल्या बऱ्याच घरांना आता गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूप असते. वाडीतल्या एखाद्या अबोल मुलीने आज डबा न्यायचा म्हटले, तर न्यायचा कोणाकडे? ज्यांना ओळखी अशा न मागता मिळाल्या, त्या आम्ही मेळाव्यांना नाके मुरडतो. तिला कदाचित त्या एका मिनिटावाचून दुसरी वाटच राहणार नाही. मेळावा भरवणाऱ्या त्या संघटनेच्या वार्षिक वर्गणीची मुदत महिनाअखेरीस संपते आहे. भरीन बहुधा.